स्टॉपवॉचवर जिंकलेली कॉर्व्हेट फेरारीच्या पंगतीत बसते का?

टर्बोतात्या (धागाकर्ते)

जुलै २०२५ संपता संपता शेव्हरोलेने जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफ या ट्रॅकवर एक फेरी मारायला लागलेल्या वेळेचे आपले आकडे जाहीर केले. कॉर्व्हेट झेडआर१एक्स ६ मिनिटं ४९.२७५ सेकंद, झेडआर१ ६:५०.७६३, आणि त्यांची धाकटी झेड०६ ७:११.८२६. ट्रॅक २०.८ किलोमीटरचा, आणि स्टिअरिंगवर भाड्याने आणलेला रेसर नाही, कंपनीच्या पगारावरचे इंजिनिअर. तेव्हापासून आमच्या ग्रुपवर एकच ठणाणा चाललाय : "आता फेरारीने शटर ओढावं."

मला हे अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा.

वेगातली बरोबरी ही शिळी बातमी आहे. ऑक्टोबर २००७मध्ये टोकियो मोटर शोला निसानने आर३५ जीटी-आर आणली. ३.८ लिटरचं दोन टर्बोचं व्ही६, ४८० पीएस (म्हणजे जवळपास तेवढीच अश्वशक्ती), चारही चाकांना ताकद, किंमत ७७ लाख ७० हजार येन. अमेरिकेत ती ६९,८५० डॉलरला आली, तेव्हा पोर्श ९११ टर्बो तिथे सव्वा लाखाच्या घरात होती. एप्रिल २००८मध्ये निसानने नॉर्डश्लाइफवर ७:२९ लावले. पोर्शला हे इतकं झोंबलं की त्यांनी स्वतः एक जीटी-आर विकत आणली, फिरवली आणि जाहीर केलं की आम्हाला तर ७:५४ लागले, तुमचे टायर काही साधे नसणार. निसानचं उत्तर : गाडी चालवायला शिकायचं असेल तर या, शिकवतो. (कंपन्यांचं असं उघड भांडण आता होत नाही, मजा गेली.)

पुढे अठरा वर्षं ती गाडी बनत राहिली. ऑगस्ट २०२५मध्ये तोचिगीच्या कारखान्यातून शेवटची बाहेर पडली, एकूण साधारण ४८ हजार. याच काळात पोर्श बुडाली नाही, आणि फेरारी तर २०१५मध्ये न्यूयॉर्क शेअर बाजारात उतरून गब्बर झाली. मग टक्कर झाली कुठे? माझं मत : स्वस्त गाडी फेरारीचं काम करू शकते, पण फेरारी विकते ते काम नव्हेच. बोला.

पिंपरीकर

पॉपकॉर्न घेऊन बसलो. बाकी सत्तर हजार डॉलरची गाडी "स्वस्त" म्हणणारा धागा वाचून माझ्या स्विफ्टने आज स्टार्ट व्हायला नकार दिलाय.

क्रँकशाफ्ट

तात्या, "काम करू शकते" एवढ्यावर सोडू नका. ते काम किती अवघड होतं ते बघा.

झेड०६चं इंजिन घ्या. एलटी६, ५.५ लिटर व्ही८, टर्बो नाही, सुपरचार्जर नाही, तरी ६७० अश्वशक्ती आणि ८,६०० आरपीएमची रेडलाइन (इंजिन फिरायची कमाल मर्यादा). अमेरिकन व्ही८ म्हटलं की क्रॉस-प्लेन क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा), म्हणजे क्रँकपिन एकमेकींशी काटकोनात. त्याने थरथर कमी होते, पण क्रँकला जड काउंटरवेट लावावे लागतात आणि इंजिन चढायला आळशी होतं. फेरारी पूर्वीपासून फ्लॅट-प्लेन वापरते. पिन १८० अंशांत, क्रँक हलका, एक्झॉस्टचे ठोके दोन्ही बाजूंना आळीपाळीने समान अंतराने, म्हणून तो किंचाळणारा आवाज. तोटा म्हणजे कंपन. साडेपाच लिटरमध्ये ते कंपन सांभाळणं खायचं काम नाही. क्लिप, बोल्ट, सेन्सर, सगळं खिळखिळं होतं. जीएमच्या (जनरल मोटर्स, शेव्हरोलेची मालक कंपनी) मंडळींनी फेरारी ४५८ समोर ठेवून अभ्यास केला आणि ते लपवलंही नाही. ४५८ म्हणजे ४.५ लिटर, ५७० पीएस, ९,००० आरपीएम. टर्बो नसलेल्या व्ही८मध्ये आज सर्वांत जास्त ताकद शेव्हरोलेच्या इंजिनात आहे, फेरारीच्या नाही. केंटकीतल्या बोलिंग ग्रीनला एक माणूस एक इंजिन हाताने जोडतो. निसानचंही तसंच होतं, योकोहामात मोजके "ताकुमी" कारागीर, आणि इंजिनावर जोडणाऱ्याच्या नावाची पट्टी.

शिवाय तंत्रज्ञान इटलीतूनच वाहतं हाही गैरसमज आहे. डॅम्परच्या तेलात लोखंडाची अतिबारीक कणी, प्रवाह दिला की ते तेल क्षणात दाटतं. हे मॅग्नेटिक सस्पेन्शन डेल्फायने आणलं, पहिल्यांदा २००२च्या कॅडिलॅक सेव्हिलला बसलं, मग कॉर्व्हेटला. फेरारी ५९९मध्ये ते आलं २००६ला! म्हणजे अमेरिकन आजोबांच्या सेडानचं सस्पेन्शन मारानेल्लोला, फेरारीच्या गावी, जायला चार वर्षं लागली.

नऊशेअकरा

क्रँकशाफ्ट, माहितीपूर्ण प्रतिसाद. पण तात्यांनी दिलेल्या आकड्याशेजारी अजून एक आकडा ठेवतो.

पोर्श ९११ जीटी३ आरएस, ऑक्टोबर २०२२, तोच ट्रॅक : ६:४९.३२८. ताकद ५२५ पीएस. टर्बो नाही, बॅटरी नाही, पुढच्या चाकांना मोटर नाही.

कॉर्व्हेट झेडआर१एक्स : १,२५० अश्वशक्ती, दोन टर्बो, पुढच्या ॲक्सलला इलेक्ट्रिक मोटर. तीन वर्षांनी येऊन फरक किती, तर ०.०५३ सेकंद.

दुपटीहून जास्त ताकद घेऊन पापणी लवायच्या आत संपणारा विजय! आता सांगा, इंजिनिअरिंग कुणाचं भारी?

टर्बोतात्या

नऊशेअकरा, मुद्दा खणखणीत आहे, पण तो उलटाही वाचता येतो. ती आरएस अंगभर पंख लावलेली, मागचा पंख छतापेक्षा उंच, आत सामानाला पुढची डिकीही नाही, कारण तिथे रेडिएटर बसवलाय. दोन लाख डॉलरच्या वर किंमत, आणि ती मिळावी म्हणून डीलरकडे आधी दोन-तीन गाड्या घेऊन "चांगलं गिऱ्हाईक" व्हावं लागतं. झेडआर१ पावणेदोन लाख डॉलरची, ताशी २३३ मैलांची, आणि तिची बहीण सत्तर हजारांच्या आसपास मिळते. त्या साध्या सी८लाही (कॉर्व्हेटची आठवी पिढी) शून्य ते साठ मैल सुमारे तीन सेकंदांत जमतं. मला थक्क व्हायला होतं ते त्या साध्या बहिणीकडे बघून.

मिशिगनवाली

मी डेट्रॉइटजवळ राहते, नवरा गाड्यांच्या सुट्या भागांच्या धंद्यात, त्यामुळे घरात हाच विषय असतो.

इथे कॉर्व्हेटकडे बघायची नजर तुम्हा मंडळींपेक्षा फार वेगळी आहे. ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझला या. वुडवर्ड ॲव्हेन्यूवर मैलोन्‌मैल जुन्या-नव्या गाड्या, आणि कॉर्व्हेट तर पैशाला पासरी. चालवणारे बहुतेक साठीचे काका, पांढरे बूट, जीन शॉर्ट्स. आमच्याकडे टिंगल चालते ती "निवृत्त डेंटिस्टची गाडी" म्हणून. २०१९ला इंजिन मधे गेलं, रूप पार बदललं, तरी ती प्रतिमा गाडीला चिकटून आहे. बोलिंग ग्रीनमधून वर्षाला हजारोंनी गाड्या बाहेर पडतात, आमच्या गल्लीतच दोन आहेत. फेरारी दिसली की लोक फोन काढतात. कॉर्व्हेट दिसली की "हाय बॉब" म्हणतात.

पण त्यातलं सुख सांगू? बॉबची गाडी कोपऱ्यावरच्या शेव्हरोलेवाल्याकडे, पिकअप ट्रकच्या शेजारी उभी राहून सर्व्हिस होते. मागे दोन गोल्फच्या बॅगा मावतात. तो ती घेऊन फ्लोरिडाला जातो आणि परतही येतो. आतल्या बटणांची ती लांबलचक ओळ मात्र कुणाच्या डोक्यातून निघाली देव जाणे.

नादखुळा_कोल्हापूर

ताई, बॉबला म्हणावं एकदा आमच्या आंबा घाटात घेऊन ये, मग बघू दोन बॅगा मावतात का बंपर उरतो ते. नाद करायचा तर खड्ड्यांचा नाय!

अवांतरसम्राट

अवांतर आहे, पण मराठी धाग्यावर हे कुणी कसं लिहिलं नाही?

२००२, पोर्ट ऑफ स्पेन. सचिनचं २९वं कसोटी शतक, ब्रॅडमनशी बरोबरी. त्याबद्दल फियाटकडून फेरारी ३६० मोडेना, सिल्व्हरस्टोनला चावी दिली ती साक्षात शूमाकरने. मग २००३मध्ये सीमाशुल्काचा राडा. १ कोटी १३ लाखांचं शुल्क सरकारने माफ केलं, लोक कोर्टात गेले, शेवटी ते पैसे फियाटने भरले. तेव्हा चाळीचाळींत "देवाला टॅक्स लावायचा का" यावर वाद झाले होते.

पुढे त्याने ती फेरारी विकली, सुरतेच्या एका व्यावसायिकाला. आणि त्याच्या ताफ्यात आली कोण? निसान जीटी-आर! आता बोला तात्या.

टर्बोतात्या

अवांतरसम्राट, दंडवत. पण सचिनला फेरारी घेऊन कुणाला काय सिद्ध करायचं होतं? ज्याचं नाव गाडीपेक्षा मोठं, तो खुशाल निसान घेतो. फेरारी लागते ती ज्याचं नाव अजून कुणाला माहीत नाही त्याला. (हलके घ्या. फेरारीवाल्यांनी मला निरोप पाठवू नयेत.)

हिशेबनीस

मंडळी, डॉलरमध्ये कसला हिशेब करताय? भारतात कॉर्व्हेट अधिकृतपणे विकतच नाहीत. जीएमने इथली विक्री २०१७ला थांबवली, तळेगावचा कारखानाही पुढे बंद झाला आणि आता तो ह्युंदाईकडे आहे. तरी समजा, एखाद्याने हट्टाने सत्तर हजार डॉलरची कॉर्व्हेट नवी आणली. सी८ उजव्या स्टिअरिंगमध्ये बनते, त्यामुळे ती अडचण नाही. बाकीचं मांडतो.

डॉलर नव्वदचा धरला तर गाडी ६३ लाख. ४० हजार डॉलरच्या वरच्या तयार गाडीला आयातीचं सगळं मिळून ११० टक्के, म्हणजे ६९ लाख ३० हजार. बेरीज १ कोटी ३२ लाख. त्यावर जीएसटी ४० टक्के, झाले १ कोटी ८५ लाख. महाराष्ट्रात आयात गाडीला रोड टॅक्स २० टक्के, फक्त वरची मर्यादा आता ३० लाख आहे, ते ३० लाख धरा. झाले २ कोटी १५ लाख. विमा, जहाजाचं भाडं, एजंटचा चहापाणी खर्च वेगळा.

अमेरिकेतला शाळामास्तर पोटाला चिमटा काढून घेऊ शकेल अशी गाडी इथे बिल्डरची झाली. आणि दोन कोटी पंधरा लाख मोजणाऱ्याला घरच्यांनी विचारलं, "हे शेव्हरोले म्हणजे आपल्याकडे बीटवाले तेच ना?" तर तो काय सांगणार? तो पोर्श घेणार, गपगुमान.

हे प्रत्यक्षात घडलंय. जीटी-आर डिसेंबर २०१६मध्ये अधिकृतपणे भारतात आली, दिल्ली एक्स-शोरूम १ कोटी ९९ लाख. त्या वर्षी ९११ कॅरेरा दीड कोटीच्या आत होती. ५७० पीएसची गाडी वेगात कॅरेराला धूळ चारत होती, पण ती मायक्रावाल्या कंपनीची. आपल्या रस्त्यांवर किती दिसल्या ते तुम्हीच आठवा. पाँडिचेरी पासिंगचा (कर वाचवायला तिकडे नोंदणी करायचा) सल्ला देणाऱ्यांनी कृपया इथे देऊ नये, आरटीओवाले असल्या गाड्या उचलतात आणि फरक वसूल करतात.

नऊशेअकरा

हिशेबनीस +१००. या देशात आयात कर हाच पोर्शचा सर्वांत चांगला सेल्समन आहे.

घाटवाट

तुम्ही सगळे पेट्रोलमध्ये अडकलात. खरी उलथापालथ विजेवर चाललीय.

एमजी सायबरस्टर २०२५मध्ये इथे आली. ७४ लाख ९९ हजार, ५१० पीएस, शून्य ते शंभर ३.२ सेकंद. दरवाजे वर उघडणारे, लॅम्बोर्गिनीसारखे. फेरारी रोमाचा कंपनीचाच आकडा ३.४, आणि भारतातली किंमत पावणेचार कोटी होती. तिकडे चीनमध्ये शाओमी, होय, फोनवाली शाओमी, एसयू७ अल्ट्रा विकते. १,५४८ पीएस, किंमत ५ लाख २९ हजार ९०० युआन, आणि नॉर्डश्लाइफवर २०२५मध्ये ७:०४.९५७. पोर्शच्या विजेवरच्या टायकान टर्बो जीटीच्या तेव्हाच्या वेळेपेक्षा कमी. मोबाइल कंपनीने पोर्शला तिच्याच अंगणात हरवलं, अजून कसली बरोबरी हवी?

क्रँकशाफ्ट

घाटवाट, सिग्नल ते सिग्नल धावायचं असेल तर मान्य. सरळ रेषेतला वेग आता सर्वांत स्वस्त माल झालाय, दोन मोटर आणि मोठी बॅटरी बसवली की काम झालं. पण सायबरस्टर दोन टनांच्या आसपास. ताम्हिणीत पाच वळणं जोरात घेऊन बघा, वजन कुठे जातं ते कमरेला कळेल. ब्रेक तापतात, टायर रडतात, बॅटरी गरम होऊन ताकद कापते.

मला विचाराल तर खरी टक्कर एकदाच झाली, १९९०मध्ये. होंडा एनएसएक्स. तीन लिटर व्ही६, २७० अश्वशक्ती, म्हणजे फेरारी ३४८पेक्षा कमी. पण संपूर्ण सांगाडा ॲल्युमिनियमचा, इंजिनात टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड, ८,००० आरपीएम, आणि घडवताना जपानच्या सुझुका ट्रॅकवर फॉर्म्युला वनच्या आयर्टन सेनाकडून चालवून घेतलेली. नंतर मॅक्लारेन एफ१ घडवणाऱ्या गॉर्डन मरे यांनी आपल्या गाडीसाठी मोजपट्टी म्हणून फेरारी नाही, ही होंडा घेतली. कारण तिच्यात बसून बाहेरचं नीट दिसायचं, एसी चालायचा, आणि ती रोज सकाळी सुरू व्हायची. तोवर सुपरकार म्हणजे तक्रार न करता त्रास सोसायची गोष्ट होती. फेरारी एफ३५५चा टायमिंग बेल्ट बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं, यावरून काय ते समजा. होंडाने फेरारीला सवय बदलायला लावली. ट्रॅकवर सेकंद काढण्यापेक्षा हे कितीतरी मोठं.

आणि तरी २०१६ला दुसरी एनएसएक्स आली, हायब्रिड, दीड लाख डॉलरच्या वर, तर तिला कुणी विचारलं नाही. २०२२ला गुंडाळली. किंमत फेरारीच्या जवळ नेली की लोक फेरारीकडे जातात.

शंकासुर

मला एक कळत नाही, "खानदानी" गाड्या तरी खानदानी राहिल्यात कुठे? लॅम्बोर्गिनी १९९८पासून फोक्सवॅगनच्या घरातली. हुराकानचं व्ही१० ऑडी आर८मध्येही तेच. उरुसचा सांगाडा ऑडी क्यू७, पोर्श कायेन आणि बेंटली बेंटायगाशी भावंडासारखा. लोटसने वर्षानुवर्षं टोयोटाची इंजिनं बसवली. मग कॉर्व्हेटला "शेव्हरोलेचीच ना" म्हणून नाक का मुरडायचं?

उलट बाजूही सांगतो, ती आपल्या पुण्याकडची. डीसी अवंती आठवते? २०१२च्या ऑटो एक्स्पोला आली तेव्हा काय गर्दी होती! तळेगावला बनायची, इंजिन मधे, रेनोचं दोन लिटर टर्बो, अडीचशेच्या आसपास अश्वशक्ती, पस्तीस लाखांच्या आसपास किंमत. दिसायला पक्की सुपरकार. एका मित्राच्या ओळखीत होती, तिच्यात बसलोय. मागचं काही दिसत नाही, फटी एकसारख्या नाहीत, गिअर टाकताना कसरत. पण लक्ष्मी रोडला उभी केली तर माणसं जीटी-आर सोडून तिच्याभोवती जमतील याची खात्री देतो. म्हणजे नाव नाही, वेग नाही, नुसतं रूपही पुरतं.

मिशिगनवाली

शंकासुर, लक्ष्मी रोडला उभी करायला जागा मिळाली तर. :)

टर्बोतात्या

वा, धागा रंगला. शंकासुरच्या प्रश्नाला उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

फेरारीने २०२४ साली अख्ख्या जगात १३,७५२ गाड्या विकल्या. उत्पन्न ६.६८ अब्ज युरो, आणि दर शंभर युरोंमागे अठ्ठावीसच्या वर कामकाजाचा नफा. गाड्या बनवणाऱ्या सर्वसाधारण कंपनीला यातले दहा मिळाले तरी साखर वाटतील. हे पैसे इंजिनातून येत नाहीत, नकारातून येतात. त्याच वर्षी त्यांनी एफ८० दाखवली. तीन लिटरचं व्ही६ आणि मोटर मिळून १,२०० अश्वशक्ती, ३६ लाख युरो, फक्त ७९९ गाड्या. कुणाला द्यायची ते कंपनी ठरवते. हातात पैसे घेऊन उभे राहिलात तरी "तुम्ही आमच्याकडून आधी काय काय घेतलंय?" हा प्रश्न येतो. १,२५० अश्वशक्तीची झेडआर१एक्स दोन लाख डॉलरच्या थोडी वर, आणि ती शेव्हरोले कुणालाही विकते. तिथेच ती हरते. मिशिगनवालींच्या बॉबला जी गाडी मिळते ती एफ८०च्या गिऱ्हाइकाला नकोच असते, मग ती ट्रॅकवर पाच सेकंद पुढे असो.

म्हणून उरुसचा सांगाडा कुणाचा, हुराकानचं इंजिन कुणाचं, याने घेणाऱ्याचं काही बिघडत नाही. शेव्हरोलेने उद्या ठरवलं की वर्षाला फक्त पाचशे कॉर्व्हेट बनवायच्या आणि गिऱ्हाइकाची मुलाखत घ्यायची, तर वीस वर्षांत तीही त्या पंगतीत बसेल. पण मग ती बॉबला मिळणार नाही, आणि मला विचाराल तर तो सौदा वाईट. फोर्डने ते करून बघायला घेतलंय. मस्टँग जीटीडी, सव्वातीन लाख डॉलर, मर्यादित गाड्या, अर्ज भरून घ्यायची. मस्टँगला अर्ज!

नऊशेअकरा

तात्या, "पाच सेकंद पुढे" वगैरे फेरारीच्या अधिकृत आकड्याशिवाय लिहू नका. फेरारी नॉर्डश्लाइफच्या या शर्यतीत सहसा उतरतच नाही.

टर्बोतात्या

"असो" लिहिलंय, "आहे" नाही. आणि ती उतरत नाही यातच सगळं आलं. हरण्याची जोखीम तिने का घ्यावी?

नवखा_चालक

सर्वांचे प्रतिसाद वाचले, वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न. बजेट ओढूनताणून पन्नास-पंचावन्न लाख, रोजचा प्रवास वाकड ते हिंजवडी, महिन्यातून एकदा कोकण. मजा देणारी गाडी कोणती? वडील म्हणतात फॉर्च्युनर घे.

नादखुळा_कोल्हापूर

वाकड ते हिंजवडीला सायकल. वेगात फेरारीलाबी मागं टाकशील.

क्रँकशाफ्ट

नवखा, चेष्टा बाजूला. नवीनच हवी तर गोल्फ जीटीआय ५३ लाखांना आली होती, २६५ पीएस, पण मोजक्याच गाड्या आणल्यात, उपलब्धता विचारा. ऑक्टेव्हिया आरएसच्या शंभर आल्या आणि लगेच संपल्या. मी असतो तर दोन-तीन वर्षं वापरलेली बीएमडब्ल्यू एम३४०आय शोधली असती. चेन्नईत जुळवतात, त्यामुळे आयात कराचा तो भुर्दंड नाही, सहा सिलिंडर, शंभरला साडेचार सेकंदांच्या आसपास, आणि मागे वडील आरामात बसतात. घेताना टायरच्या भिंतीवरचा आठवडा-वर्षाचा चार आकडी नंबर बघ, चारही टायर एकाच काळातले हवेत. लिफ्टवर चढवून खालचं प्लास्टिकचं कव्हर फाटलंय का ते पाहा, स्पीडब्रेकरवर घासलेली गाडी तिथे पकडली जाते. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) रिमॅप करून ताकद वाढवलेल्या आणि विकताना परत मूळ सेटिंगवर आणलेल्या गाड्या बाजारात पुष्कळ आहेत, म्हणून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅन करून लेखी रिपोर्ट घे. मालक स्कॅनला नाही म्हणाला तर तिथूनच रिक्षा पकड.